सहा स्क्रू आणि एक लिव्हर

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस नाही. डावीकडे पत्र्याचं दार, अर्धं उघडं, त्यातून सकाळच्या उन्हाची एक लांब पट्टी आत आलेली. मागच्या भिंतीला लागून जुनं लेथ मशीन. मधोमध जाड लाकडाचं बाक, तेल पिऊन पिऊन काळं झालेलं, त्याच्या कडेला घट्ट बसवलेला व्हाइस, वस्तू आवळून धरणारी लोखंडी पकड. बाकावर बिस्किटांचे चपटे डबे ओळीने मांडलेले; एकेका डब्यात एकेका पंपाचं पोट उघडून ठेवलेलं. कोपऱ्यात रॉकेलची परात. आणि व्हाइसच्या दोन बाजूंना दोन स्टुलं, एक उंच, एक बुटकं.

बाहेर चपला वाजतात.

"अहो, चष्मा घ्यायला परत गेलात आणि तसेच आलात?"

"नाकावर आहे की."

"तो वाचायचा. कामाचा कुठाय?"

मग चपला पुन्हा लांब जातात. दारातून आत येतात त्या मास्तरीणबाई, हातात थर्मास, खांद्यावर धुतलेल्या चिंध्यांची पिशवी. त्या उंच स्टूल फडक्याने पुसतात, मग बुटकं पुसतात आणि बुटक्यावर बसतात. पंपमास्तरांचा प्रवेश अजून पाच मिनिटांनी आहे.

त्यांना मास्तर म्हणायचं कारण शाळा नव्हे. शाळेशी त्यांचं फारसं जमलंच नाही. पण गाडीचा पंप घेऊन कुणीही दारात आलं की ते आधी खिशातून खडू काढत आणि फरशीवर चित्र. गिऱ्हाईक घाईत असो की नसो, तास पुरा व्हायचाच. जुन्या पेट्रोल गाडीत टाकी मागे, इंजिन पुढे. मागचं पेट्रोल पुढे आणायचं कोणी? तर इंजिनाच्या कुशीला चिकटलेल्या या मुठीएवढ्या पंपाने. वीज नको, काही नको. इंजिन फिरलं की आतला एक उंचवटा पंपाच्या लिव्हरला ढकलतो. लिव्हर आतली रबरी कापडाची चकती खाली ओढतो, की पेट्रोल आत. स्प्रिंग चकतीला वर लोटते, की पेट्रोल पुढे. "या चकतीचं नाव डायफ्राम," मास्तर म्हणायचे, "आणि हिची मर्जी राखली तरच गाडी चालते. घरच्यासारखंच आहे." मग बुटक्या स्टुलाकडे बघून, "काय गं?"

"आधी खडू पुसा, पाय घसरेल कुणाचा तरी," स्टुलावरून उत्तर यायचं.

त्या स्टुलावर बाई चौतीस वर्षं बसत होत्या. लग्नाला महिना झाला होता तेव्हा डबा द्यायला म्हणून आल्या होत्या. पंपाचे दोन अर्धे भाग, मध्ये डायफ्राम आणि कडेने सहा स्क्रू, असं ते प्रकरण व्हाइसमध्ये धरलेलं होतं. हे सहा स्क्रू आवळताना लिव्हर पार शेवटपर्यंत दाबून धरावा लागतो. तसं केलं तरच चकती पुरती खाली ओढलेली राहते आणि तिला हलायला पुरेसं सैल कापड मिळतं. लिव्हर जरा जरी वर आला तरी कापड ताणलेलं बसतं, आणि ताणलेलं कापड फार दिवस जगत नाही. आतली स्प्रिंग अशी कडक की लिव्हरला दोन हात पाहिजेत. स्क्रूला तिसरा. त्या दिवशी मास्तर नव्या नवरीला म्हणाले, "जरा हे धर."

"किती वेळ?"

"झालंच."

ते "झालंच" अजून चालू होतं.

दुसरे कारागीर लिव्हर तारेने बांधतात. मास्तरांना ते मुळीच मान्य नव्हतं. "तार ढिली पडते आणि तिला त्याचं काही वाटत नाही," ते म्हणायचे. "माणसाचं लक्ष असतं." शेजारचा छापखानेवाला रोज सकाळी डोकावून एकच विनोद करायचा, "लग्नात मास्तरांनी हात धरला, पुढे बाईंनी लिव्हर धरला, फिट्टंफाट!" आणि रोज दोघं पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. माणूस चांगला होता, त्याचं मन कशाला मोडा.

पण मागच्या थंडीपासून मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला होता.

आधी चहाच्या कपात लाटा दिसल्या. मग लहान स्प्रिंगा पडायला लागल्या. बाकाखाली रांगत, टॉर्च तोंडात धरून शोधायच्या. मग एका महिन्यात दोन पंप परत आले, दोन्हींतून कडेने पेट्रोल गळत होतं. गिऱ्हाइकं जुनी होती, काही बोलली नाहीत. काही न बोलता त्यांनी पंप बाकावर ठेवले, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं. मास्तर ते पंप बघायचे आणि डब्यांमागे सरकवायचे. आणि अलीकडे स्क्रू आवळायची वेळ आली की बाईंचा श्वास मास्तरांच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकापाशी अडकायचा.

मुलगी दुसऱ्या शहरात होती, नोकरीवर. दर रविवारी फोन करायची. तिने एक माणूस शोधला होता, दुकान भाड्याने घेऊन मोबाइलची कव्हरं विकणारा. "बाबा, तुम्ही दोघं इकडे या. लिफ्ट आहे, बाल्कनी आहे. आईचे गुडघे बघा जरा."

मास्तर फोन कानापासून लांब धरून विचार करायचे. नेमक्या त्याच सुमारास नर्सबाई आल्या.

नर्सबाईंची गाडी फिकट पिवळी, गोल पाठीची, त्यांच्याच वयाची वाटावी अशी. चाळीस वर्षं त्याच गाडीतून त्या बाळंतपणाला जात. अर्धं गाव त्यांच्या हातांवर जन्मलेलं, त्यामुळे रस्त्यात कुणाची हॉर्न वाजवायची प्राज्ञा नव्हती. आता निवृत्त. गाडी चालवायच्या परवान्याची मुदत या महिनाअखेर संपत होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढचा परवाना मिळणार नाही हे गोड शब्दांत सांगितलं होतं. डोंगरापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहत होता. त्याच्याकडे एकदा शेवटचं स्वतः गाडी चालवत जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि पंपाचा लिव्हर मधोमध तडकला.

"त्या चकचकीत काचा लावलेल्या गॅरेजात जाऊन आले," नर्सबाई म्हणाल्या. "तो पोरगा म्हणतो, हे फेका, विजेवरचा पंप बसवा. मी म्हटलं, इतकी बाळंतपणं केली, आई दमली म्हणून कधी दुसरी आई बसवली नाही मी."

मास्तर हसले. पंप हातात घेऊन उलटासुलटा केला. या बनावटीचा लिव्हर आता कुठेच मिळत नव्हता. गाड्याच मोजक्या निघाल्या होत्या. हात थरथरत होता म्हणून त्यांनी पंप पटकन बाकावर ठेवला.

"होईल?" नर्सबाईंनी विचारलं. त्यांनी पंपाकडे नाही, हाताकडे पाहिलं होतं. आयुष्यभर माणसंच तपासली होती त्यांनी.

"शनिवारी सकाळी या," मास्तर म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांनी स्वतःहून मुलीला फोन लावला. बाई रॉकेलमध्ये हात घालून ऐकत होत्या. "हे बघ बाळा, एक पंप आहे हातात. तो चालला तर मी इथेच बसणार, परत विषय काढायचा नाही. नाही चालला, तर तुझ्या कव्हरवाल्याला घेऊन ये शनिवारी. लेथसकट देतो."

बाईंच्या हातातला वॉशर परातीत बुडाला. त्यांना आठवले ते आठ दिवस, जेव्हा खोकल्यामुळे मास्तर घरी होते. त्या आठ दिवसांत त्यांनी शिलाई मशीन सुधारलं, कुकरची शिट्टी सुधारली, दाराची घंटा सुधारली, आणि तिन्ही गोष्टी दुरुस्त करायला नंतर बाहेरून माणसं बोलवावी लागली. दुकानाशिवाय हा माणूस म्हणजे बंद खोलीत सोडलेली चिमणी.

पण खरं सांगायचं तर लिफ्टचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. बुटक्या स्टुलावरून उठताना आताशा गुडघे वाजत होते.

मास्तर कामाला लागले. अडगळीतून त्यांनी एका माल वाहणाऱ्या व्हॅनचा पंप काढला. त्याचा लिव्हर दणकट होता, पण अंगठ्याच्या पेराएवढा जास्त लांब, वाकही वेगळा, आणि ज्या खिळीवर तो फिरतो तिचं भोक मोठं. मोडक्या लिव्हरचे दोन तुकडे पुठ्ठ्यावर जोडून त्यांनी पेन्सिलीने आकार काढला आणि पुठ्ठा कापला. नवा लिव्हर लालभडक तापवून हळूहळू वाकवला. मग कानस. मनगट व्हाइसवर टेकवायचं, श्वास सोडायचा, आणि श्वास रिकामा असतानाच एक फेर मारायचा. थांबायचं. पुठ्ठा लावून बघायचा. पुन्हा श्वास. एका दिवसात एक कड झाली. भोकासाठी लेथवर पितळेची बारीक नळी कातली आणि ठोकून आत बसवली. लिव्हर खिळीवर असा फिरू लागला की बाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "वा!"

"अजून जोडायचंय," मास्तर म्हणाले, पण मिशीत हसले.

डायफ्राम बाईंनी कापला. नव्या पेट्रोलात जुनं रबर फुगून मऊ पडतं, म्हणून मास्तरांनी नव्या जातीचं कापड आणून ठेवलं होतं. जुन्या चकतीवरून खूण करून, शिवणाच्या मोठ्या कात्रीने त्यांनी दोन गोल काढले. एक वापरायला, एक चुकलं तर. ही बाईंची सवय. ब्लाउज शिवतानाही त्या बाहीचं कापड जास्तीचं ठेवायच्या.

गुरुवारी सकाळी पंप व्हाइसमध्ये चढला. मास्तर उंच स्टुलावर, बाई बुटक्या. "दाब," मास्तर म्हणाले. बाईंनी दोन्ही हातांनी लिव्हर खाली दाबला. मास्तरांनी पहिला स्क्रू घेतला. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेवर टकटक करत नाचलं, एकदा घसरलं, पुन्हा बसलं. कपाळावर घाम. मग समोरचा स्क्रू. मग तिरका. चौथ्याला टोक घसरून थेट चकतीच्या कडेपाशी गेलं. बाईंनी एक हात उचलला आणि मास्तरांच्या मनगटाखाली धरला.

चौथा, पाचवा, सहावा स्क्रू तसाच, हातावर हात ठेवून झाला. बाईंनी त्या वेळी दुसऱ्या हाताकडे पाहिलंच नाही. त्या मास्तरांचं मनगट पाहत होत्या, आणि मनगट शांत झालेलं पाहून त्यांना इतकं बरं वाटत होतं की बाकी दुकान दिसेनासं झालं होतं.

पंपाच्या तोंडावर बोट ठेवून मास्तरांनी लिव्हर चार वेळा हलवला. बोट ओढलं गेलं. दहा आकडे मोजेपर्यंत सुटलं नाही. "पास!" ते ओरडले, आणि छापखानेवाला पळत विनोद घेऊन आला.

दुपारी चाचणीसाठी नर्सबाईंना बोलावून घेतलं आणि दुकानाबाहेर उभ्या गाडीवर पंप चढवला. नर्सबाई चालवायला, मास्तर शेजारी, बाई मागे. पिवळी गाडी गल्लीतून निघाली, बाजार ओलांडला, नदीवरचा पूल ओलांडला. मास्तर मान तिरकी करून ऐकत होते. टेकडीच्या पहिल्या चढावर गाडी एकदा उचकली. दुसऱ्या वळणावर पुन्हा. मग सुस्कारा सोडावा तशी थांबली. झाकण उघडलं. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून पेट्रोल टपटप गळत होतं. डायफ्राम फाटला होता.

नर्सबाईंनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला, तसा, जसा बाळंतपण अवघड गेलं की त्या बाहेर बाकावर बसलेल्या बापाच्या पाठीवर ठेवत असतील.

दुसऱ्या कुणाच्या गाडीला दोरी बांधून पिवळी गाडी ओढत दुकानापर्यंत आणली. मास्तरांनी पंप उतरवला, स्क्रू काढले, भाग परातीत टाकले, आतलं काही पाहिलंही नाही. "हात गेले माझे," म्हणाले. "आवळणं वाकडं झालं. झालं, संपलं." मग लेकीला 'ये शनिवारी' एवढाच फोन केला आणि लेथवर जुनी चादर टाकून, तिची टोकं नीट दुमडून घरी गेले. घरी त्या दिवशी त्यांनी काहीही दुरुस्त केलं नाही, आणि बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

शुक्रवारी सकाळी बाई एकट्याच दुकानात आल्या, भाग धुवायला. भाग तसेच सोडून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. रॉकेलमधून त्यांनी चकती काढली, चिंधीने टिपली, उन्हात धरली. आणि बसल्या जागी थिजल्या.

चकती कडेला फाटली नव्हती. स्क्रू वाकडे आवळले तर कड फाटते. अशा कितीतरी त्यांनी पाहिल्या होत्या. ही फाटली होती मध्ये, वॉशरभोवती, चंद्रकोरीसारखी. कापड ताणलेलं बसलं होतं. म्हणजे स्क्रू सरळच होते. लिव्हर वर आला होता.

त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एक हात मनगटाला दिला तेव्हा दुसऱ्या एकट्याने स्प्रिंग काय रोखली असणार? अर्ध्यावर आली असेल. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तेही कशापायी, तर मायेपायी.

आता त्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या बाईंकडे जरा नीट बघा. ही चकती परत रॉकेलात टाकली, की संपलं. उद्या मुलगी येईल, कव्हरवाला येईल. लिफ्ट, बाल्कनी, सकाळी ऊन. गुडघ्यांना आराम. कुणाला कधी कळणार नाही. मास्तर एवढंच समजतील की आपले हात गेले, आणि ते तर आज ना उद्या समजायचंच होतं.

बाई दहा मिनिटं तशाच बसल्या. मग चकती चिंधीत गुंडाळून, दुकान उघडंच टाकून त्या घरी गेल्या.

मास्तर खिडकीशी बसले होते. बाईंनी चकती त्यांच्या मांडीवर ठेवली. "बघा."

"काय बघायचं? फाटली."

"कुठे फाटली ते बघा ना. दोन दोन चष्मे कशाला आहेत?"

मास्तरांनी बघितलं. उजेडात धरली, बोट फिरवलं. हळूहळू त्यांच्या भुवया वर गेल्या.

"लिव्हर..."

"मी सोडला," बाई म्हणाल्या. "तुमचा हात धरायला गेले, आणि सोडला. तुमचे सहाच्या सहा स्क्रू सरळ होते. चूक माझी आहे, तुमच्या हाताची नाही. आता काय बोलायचं ते बोला."

मास्तरांनी चकती मांडीवर बोटाने सपाट केली. मग म्हणाले, "मला कळलं होतं."

"काय?"

"तू हात धरलास ते. मला वाटलं, असू दे. बरं वाटत होतं."

बाईंनी पदराने नाक पुसलं. "बरं वाटून घ्यायची जागा आहे का ती? स्क्रू आवळताना?"

"तुझ्यापेक्षा तारच बरी होती म्हणायची!" मास्तर म्हणाले, आणि दोघांनाही हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता बाई एकदम थांबल्या.

"अहो, लिव्हरला काय लागतं? जोर. तुमच्या हातात जोर आहे की नाही?"

"आहे म्हणजे? अजून ट्रकचा नट सोडवीन."

"आणि जोर लावला की तुमचा हात थरथरत नाही. मी बघितलंय, पोतं उचलताना थरथरत नाही."

मास्तरांना अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते ताडकन उठले. "म्हणजे तू आवळणार? तुला जमेल?"

"चौतीस वर्षं हातभर अंतरावरून बघतेय. मी काय झोपा काढत होते तिथे?"

दुकानात गेल्यावर पहिला पेच स्टुलांचा. उंच स्टुलावर बाईंचे पाय अधांतरी लोंबायला लागले आणि बुटक्यावर मास्तरांचे गुडघे कानांशी आले. शेवटी स्टुलांचीही अदलाबदल झाली. जास्तीचा कापलेला डायफ्राम आत गेला. मास्तरांनी दोन्ही हातांनी लिव्हर दाबला, पार तळापर्यंत, आणि त्यांचे हात दगडासारखे स्थिर झाले.

"पहिला घे. पुरता नको आवळू. आता समोरचा."

"माहीत आहे."

"मग तिरका..."

"अहो, तुम्ही लिव्हरकडे लक्ष द्या. तार असती तर बोलली नसती."

शनिवारी सकाळी नर्सबाई आल्या तेव्हा पंप गाडीवर होता. मास्तर टेकडीपर्यंत बरोबर जायला निघाले, पण नर्सबाईंनी दार लावून घेतलं. "पुरे. आता मी आणि माझी गाडी. पोचले की फोन करते." पिवळी गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. दोघं फोनजवळ बसले. थर्मास तसाच भरलेला राहिला. छापखानेवाल्याने डोकावून विनोद सुरू केला आणि त्यांची तोंडं पाहून अर्ध्यावर गिळला. एक तास. दीड. पावणेदोन तासांनी फोन वाजला. मास्तरांचा हात इतका हलत होता की बाईंनीच उचलला.

"पोचले," पलीकडून नर्सबाई म्हणाल्या. "भाऊ दारात उभा राहून रडतोय, येडा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये आले हो, मास्तरांना सांगा, तिसऱ्या!"

मास्तरांनी लेथवरची चादर ओढली आणि घडी न करता कोपऱ्यात भिरकावली. डब्यांमागून ते दोन गळके पंप काढले. "चल," म्हणाले, "यांचंही बघू."

तर मंडळी, दुपारी तीनच्या सुमारास मुलगी दारात आली तेव्हा हे असं दृश्य होतं: आई उंच स्टुलावर, कामाचा चष्मा नाकावर, हातात स्क्रूड्रायव्हर, बाबा बुटक्यावर, दोन्ही हात लिव्हरवर. तिच्या मागे एक नम्र गृहस्थ मोजायची टेप घेऊन उभे होते. सकाळचं तिला काहीच माहीत नव्हतं. फोन करायचा असतो हे दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे जागा बघायला आलेत."

बाईंनी मान वर केली नाही. चौथ्या स्क्रूच्या खाचेत टोक नीट बसलं होतं. मास्तरांनी फक्त डोळे वळवले, लेकीकडे बघून मिशीत हसले आणि म्हणाले,

"माझे दोन्ही हात गुंतलेत गं, आणि तुझ्या आईचे तीन स्क्रू राहिलेत. जागा रिकामी कुठाय?"